पाच खोल्यांचं दूध

१० नोव्हेंबर १९८६, सोमवार

दवाखाना म्हणते, आधी पत्ता आणा मग टीबीचं कार्ड देऊ. खोल्या वाटणारा बाबू म्हणते, आधी दवाखान्याचं कार्ड आणा मग खोली देऊ. ज्या माणसाले घरच नाही तो पत्ता कुठून आणीन? सकाळपासून दोन्हीकडे दोन-दोन चकरा झाल्या माझ्या. तिसऱ्या चकरेत मी बाबूले म्हटलं, तू अन् तो दवाखान्यातला कारकून एकदा समोरासमोर उभे राहा, मी मधात अंतरपाट धरते, लावून टाकू तुमचं. बाबू हसला नाही. मागचा चपराशी हसला, तेवढंच बरं वाटलं.

नोकरीचा पहिला दिवस, अन् पहिल्याच दिवशी डोकं तापलं. पण खोटं कावून लिहू, मनातून मी खूश आहे. पुलगाव सोडलं तेव्हा वाटलं होतं, या वयातही परत दुसऱ्याच्या घरचीच भांडी घासावी लागतीन. भाचा विष्णु इथं छत्तीसगढात कारखान्यात क्लार्क आहे, त्यानं आसरा समितीत शब्द टाकला. समितीचे सचिव अरुणकुमार साहेब मोठे ऑफिसर होते, आता रिटायर. त्यांनी विचारलं किती शिकलीस. मी म्हटलं चौथी, पण भांडायले एमए. ठेवलं त्यांनी.

काम असं, की उघड्यावर राहणारे आजारी लोक शोधायचे, त्यांचं दवाखान्याचं पाहायचं अन् राहायचं पाहायचं, दोन्ही एका हातानं. आजवर एक हात दुसऱ्याले ओळखत नव्हता म्हणून माणसं मधातल्या मधात मरून राहिली होती. ही डायरी साहेबानं दिली. रोज काय झालं ते लिहायचं, शनिवारी ते वाचतील.

वैशाली नगराच्या मागं, नाल्याच्या अलीकडे समितीनं पाच खोल्या बांधल्या आहेत. एका रांगेत, वर सिमेंटचे पत्रे, समोर अंगण, अंगणात बोरिंग. पहिली खोली माझी. चुन्याचा वास अजून गेला नाही. दारात उभं राहिलं की कारखान्याच्या चिमण्या दिसतात अन् भोंगा असा ऐकू येते की जसा आपल्यालेच बोलावून राहिला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या दाराले माझं कुलूप आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

चौघं आहेत माझ्या वाट्याले. पावरहाऊस स्टेशनजवळच्या पुलाखाली राहतात.

धोंडबा, साठीचा, यवतमाळकडचा. पायाले जखम, वास येते, पण तोंड त्याहून खराब. मले पाहिल्याबरोबर कलेक्टरबाई म्हणायले लागला. म्हणे कलेक्टरबाई, खोली दिली तर खिडकीतून थुंकायले मिळन का? मी म्हटलं, थुंक, मग त्याच खिडकीतून तुले बाहेर काढते.

कवडू आंधळा आहे. फार बोलत नाही, हसते. सत्यभामा म्हातारी आहे, गाव सांगत नाही, गाठोडं सोडत नाही.

अन् रमा. पंचविशीची असंन, गोंदियाकडची. नवरा बांधकामावर होता, परांचीवरून पडून मेला, ठेकेदारानं आठ दिवसांत झोपडी मोडली. तेव्हापासून पुलाखाली. खोकते तेव्हा पदर तोंडाले लावते अन् पदर पाहत नाही, तसाच घडी करते. डॉक्टर म्हणते रोज सुई पाहिजे, दोन महिने. खंड पडला तं मग औषध लागू होत नाही. आठवड्यात सुई चुकली की त्या आठवड्याचा एक खाडा लिहितात, अन् असे तीन खाडे झाले की कार्डच रद्द. म्हणजे रमाले एक पक्की जागा पाहिजे, जिथं रोज सिस्टर येईन अन् रमा सापडंन. बस. इतकं झालं तं पोरगी जगते. नाही झालं तं नाही.

साहेबापुढे मी हे असंच सांगतलं. त्यांनी दोन्हीकडे चिठ्ठ्या दिल्या. सोमवारी सिस्टर पत्ता पाहायले येणार. तोवर खोल्यांत राहतं घर दिसलं पाहिजे. खाट, शेगडी, दिवा.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज फार पळापळ झाली. चौघंही सकाळपासून दवाखान्याच्या रांगेत, एक्सरे काढायले. इकडे खाटा आल्या, घागरी आल्या, पाच शेगड्या आल्या. राहिलं होतं दूध.

आपल्याकडे नवीन घरात पहिलं दूध उतू घालतात. ज्याचं घर त्याच्या हातानं. दूध वर येऊन शेगडीत सांडलं की घरानं माणूस ओळखला. मी रमाले सांगून ठेवलं होतं की तुझ्या खोलीत तू घालशील. तिनं तीनदा विचारलं, म्हातारीसारखं. मावशी, दूध तापवायचा गंज कोणता? मावशी, फुंकर मारायची का राहू द्यायचं?

पण दुपारचे चार झाले अन् रांगेतून कोणी आलं नाही. सूर्य बुडायच्या आत झालं पाहिजे, अन् उद्याचा दिवस चांगला की नाही ते कोणी सांगे ना. मले थांबणं जमतच नाही. मी माझ्याच गंजात दूध घेतलं अन् पहिल्या खोलीपासून पाचव्या खोलीपर्यंत सगळीकडे मीच उतू घातलं. एका हातानं, एका गंजात. दयाराम चौकीदार, इथलाच छत्तीसगढी माणूस, बिडी ओढत पाहत होता. त्याच्याकडे असं करत नाहीत, पण मी त्याले सगळं समजावून सांगतलं होतं. तो म्हणे, दाई, तब तो ये सब्बो घर तोर होगे. म्हणजे हे सगळं तुझंच झालं की. मी म्हटलं, झालं तं झालं, भाडं पाठव.

दूध मात्र एकदम आलं. पाचही खोल्यांत. शेगडीवर ठेवलं की वर.

साडेपाचले रमा आली. अर्धा शेर दूध घेऊन आली होती, कुणाच्या तरी गिलासात, वरून हात झाकून. स्टेशनपासून चालत, एक थेंब सांडू न देता. मी म्हटलं, झालं सगळं, आता ते पिऊन टाक, तुलेच ताकद पाहिजे. ती म्हणे बरं मावशी. प्यायली. उभ्यानंच प्यायली, दाराच्या बाहेर.

१७ नोव्हेंबर, सोमवार

कमलिनी सिस्टर आली. अंगणात चौघांले रांगेनं उभं केलं, नावं वाचली, पत्ता लिहिला, चार कार्डं दिली. रमाले पहिली सुई तिथंच अंगणात टोचली. धोंडबा म्हणे आम्हाले कोणी टोचत नाही का, आम्ही का सावत्र आहोत. सिस्टरनं त्याची पट्टी अशी कसली की पुढं बोलला नाही.

रमा तिसऱ्या खोलीत, धोंडबा दुसऱ्या, कवडू चौथ्या, सत्यभामा पाचव्या. खोलीत गेल्यावर कवडू चारी भिंतींवरून हात फिरवून आला अन् म्हणे, बाई, कोपरे चारच आहेत ना?

आज भाजी चांगली झाली होती. सगळं चांगलं झालं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सिस्टरसोबत भांडण झालं. सकाळी दहाले आली, तिसऱ्या खोलीत गेली, बाहेर आली, म्हणे पेशंट नाही. मी म्हटलं अशी कशी नाही. जाऊन पाहते तं रमा खाटेवर बसलेली, बाही वर करून. सिस्टर तोवर सायकलवर. मी फाटकापर्यंत पळत गेली. म्हटलं चष्मा करून घ्या. ती म्हणे, बाई, मी वीस वर्षं सुया टोचून राहिली, मले रिकामी खाट समजते.

एक खाडा लागला.

रमाले विचारलं, तू हाक कावून नाही मारली. तिनं सांगतलं की मारली. सिस्टर आत आली, खाटेकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, खाटेखाली वाकून पाहिलं. रमा म्हणे मी म्हटलं सिस्टर मी इथं आहे. मग ती गेली.

सिस्टरचं काही तरी बिनसलं आहे. साहेबाले सांगीन.

२२ नोव्हेंबर, शनिवार

साहेब डायरी वाचायले आले. वाचली. सही केली. मग खोल्या पाहिल्या.

धोंडबा दुसऱ्या खोलीच्या उंबऱ्यात बसला होता, दुखता पाय लांब करून. साहेबानं पाय उचलला अन् त्याच्या पायावरून ओलांडून आत गेले. त्याच्या पायावरून! आत पाहून म्हणे, गिरजाबाई, लोक कुठं गेले? मी म्हटलं हा काय बसला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणे ऊन लागलं का तुम्हाले. मग परत ओलांडून बाहेर.

  धोंडबानं पाय जवळ घेतला.

मोठ्या लोकाईले गरीब दिसत नाही, हे मले माहीत आहे. मी ज्या घरी भांडी घासली तिथं बारा वर्षं मी दिसतच नाही असं वागत होते. मी तसंच समजून राहिली. रागानं आज जेवली नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सिस्टर नको अन् भांडण नको म्हणून रमाले मीच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथं कंपौंडरनं पाहिलं, नाव विचारलं, सुई दिली. अंग थोडं भरलं म्हणे. पाहा! म्हणजे पोरीत काही खोट नाही, ती खोलीत असली की कोणाले दिसत नाही, बाहेर दिसते. हे लिहून मलेच कसंसं वाटून राहिलं, पण जसं झालं तसं लिहिलं.

रोज नेईन. झालं.

रिक्षावाला मात्र येताना दोनदा मागं वळून विचारत होता, दीदी, एकच सवारी आहे ना?

२७ नोव्हेंबर, गुरुवार

कंपौंडर म्हणे मरीज लाओ बाई.

रमा माझ्या बाजूले उभी. मी तिचा हात धरून त्याच्या टेबलावर ठेवला, हा घे. त्यानं पाहिलं ते माझ्या हाताकडे. म्हणे तुम्हाले काय झालं? मागच्या रांगेतली एक बाई सरळ पुढं आली, रमाच्या जागेवर उभी राहिली. जागेवर म्हणजे — रमाले सरकावं लागलं. धक्का नाही लागला. रमाच सरकली, सवयीनं.

दुसरा खाडा.

येताना रमा म्हणे, मावशी, पुलाखाली होते तेव्हा लोक शिव्या द्यायचे. उठ म्हणायचे. काठी मारायचे. म्हणजे दिसत होते ना मी.

२९ नोव्हेंबर, शनिवार

साहेब आले नाहीत.

आज दयारामले धरलं. तो चार दिवसांपासून माझी नजर चुकवून राहिला. जेवणाची चार ताटं दारांसमोर ठेवते अन् पळते. मी म्हटलं, धोंडबाचा पाय कसा वाटते तुले? तो रडायलेच लागला. आपल्या बोलीत सांगून राहिला, की दाई, मंगळवारपासून मले कोणी दिसत नाही. आवाज येते कधी. तू रिकाम्या खाटेशी बोलते, मी काही म्हटलं नाही, तू मालकीण आहेस.

मी म्हटलं मी कसली मालकीण.

तो म्हणे, दूध कोणी घातलं?

मी मग अंगणातच बसली. घरानं माणूस ओळखला, असं मीच लिहिलं आहे वर. पाच खोल्यांनी पाच वेळा एकच माणूस ओळखला. मी. बाकीचे त्या घराच्या हिशोबी आलेच नाहीत. अन् घरानं ज्याले आत घेतलंच नाही, तो त्या छपराखाली कोणाले दिसावा?

मीच केलं हे. चार वाजले होते म्हणून. थांबता आलं नाही म्हणून.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळीच दूध आणलं. चार नवीन गंज आणले. ज्याच्या त्याच्या खोलीत, ज्याच्या त्याच्या हातानं.

आधी धोंडबा. कोळसे लाल झालेले. गंज ठेवला. आम्ही पाहत बसलो. कोळसे राख झाले. परत भरले. दूध हललं नाही. वर साय नाही, वाफ नाही. धोंडबा म्हणे कलेक्टरबाई, हे दूध सरकारी दिसते.

कवडूनं बोट बुडवलं. लाल शेगडीवरच्या दुधात. म्हणे थंड आहे बाई. विहिरीसारखं.

सत्यभामा बसलीच नाही. दारात उभी राहून म्हणे, मले माहीत होतं.

रमा दोन तास बसली. पदर खोचून. एकदाही खोकली नाही, दुधाले खोकला लागू नये म्हणून तोंड दाबून. मग माझ्याकडे पाहून म्हणे मावशी, माझ्या हाताचं येत नाही.

मी गंज उतरवायले गेली. माझं बोट गंजाच्या काठाले लागलं, नुसतं लागलं —

सगळं वर आलं. शेगडी विझली.

२ डिसेंबर, मंगळवार

चौघांले घेऊन परत पुलाखाली गेली. नको ती खोली. तिथं दिसत होते तं तिथंच राहा, मी सिस्टरले तिथं ओढून आणीन.

त्यांच्या जागेवर दुसरे लोक आलेले. एक म्हातारा, दोन बाया. चूल पेटलेली. कवडूनं आपली जागा चाचपून ओळखली अन् बसला. एक बाई आली अन् तिथंच आपलं अंथरूण टाकलं. कवडूवर. तो खाली होता तरी टाकलं. झटकून, नीट, कोपरे ओढून.

मी किंचाळली. लोक जमा झाले. मलेच पाहून राहिले. सगळ्यांले मी बरोबर दिसली.

सत्यभामा म्हणे चल वापस. तिथं तुले तरी दिसतो.

आज तिसरा खाडा. कार्ड रद्द झालं. सिस्टरनं बोरिंगजवळ उभं राहून लाल शाईनं लिहिलं अन् मले म्हणे तुम्ही आराम करा. तिच्या डोळ्यात दया होती. त्यापेक्षा भांडली असती तं बरं झालं असतं.

४ डिसेंबर, गुरुवार

पाचव्या खोलीत सत्यभामा दिसली नाही. खाट दबलेली होती. गाठोडं होतं. मी हाक मारली तं ओ म्हटलं. अगदी जवळून. माझ्या हाताएवढ्या अंतरावरून.

दुपारी गाठोडंही नाही.

परत हाक मारली. ओ आली, पण नाल्यापलीकडून आल्यासारखी.

म्हणजे आता मलेही.

६ डिसेंबर, शनिवार

साहेब नाही, विष्णु आला. साहेबाचं पत्र घेऊन. पत्रात लिहिलं आहे की खोल्या तीन आठवडे रिकाम्या पडून आहेत, समितीत बोलणं होऊन राहिलं, तरी सोमवार पंधरा तारखेपासून चार नवीन लोक तिथं ठेवत आहोत. कुम्हारीच्या बाजूचे आहेत. यादी सोबत. तुमची तब्येत बरी नसंन तर तुमच्या जागी दुसरी बाई पाहू.

रिकाम्या.

विष्णु म्हणे आत्या, तू स्मृति नगरले चल माझ्याकडे, चार दिवस राह्य. बोलता बोलता तो रमाच्या खाटेवर बसायले गेला. मी त्याले असं ढकललं की भिंतीवर आपटला. रमानं पाय ओढून घेतले होते. तो रडवेला झाला. तो चांगला पोरगा आहे. मी त्याले सांगतलं सगळं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणे, आत्या, समज मी मानलं. तं नवीन लोक आले की ते कुठं झोपतील?

तेच. कुठं झोपतील. रमाच्या अंगावर.

अन् दूध तर त्यांच्यासाठीही मीच घातलेलं आहे. ते आले की आठ दिवसांत तेही. मग परत साहेब म्हणतील रिकाम्या. मग परत यादी. कितीक लोक मावतील एका खाटेवर?

विष्णु गेला. मी नाही गेली. मी फाटकाबाहेर पाय टाकला अन् मागं वळून पाहिलं तं तिसऱ्या खोलीचं दार उघडं, आत कोणी नाही. परत आत आली. होती. हळूहळू दिसायले लागली, जसं उन्हातून घरात आल्यावर दिसते.

मी गेली तं ती जाते.

८ डिसेंबर, सोमवार

धोंडबा नाही. सकाळी त्याच्या दारात उभं राहून मी त्याले मुद्दाम शिव्या दिल्या. त्याच्या आईवरून दिल्या. जवाब आला नाही.

धोंडबा जवाब देत नाही म्हणजे धोंडबा नाही.

कवडू आहे. म्हणे बाई, तुम्ही कावून घाबरून राहिल्या, मले तं पहिल्यापासून कोणी दिसत नाही. हसला. मीही हसली. मी डोळे पुसले अन् —

हसणं थोडा वेळ होतं.

९ डिसेंबर, मंगळवार

दयाराम गेला. चावी फाटकाले अडकवून.

रमा एकटी राहिली. तिसऱ्या खोलीत तिच्या समोर बसून राहते. नजर हटली की तिले यायले वेळ लागते. कालपेक्षा आज जास्त.

तिनं विचारलं, आता सुई नाही, मग खोकला कमी कसा झाला मावशी?

मी म्हटलं खोलीचा गुण.

१० डिसेंबर, बुधवार

खोकला बंद झाला. मी कान देऊन बसली दिवसभर. कोणाचा खोकला ऐकायची इतकी आस कधी लागली नव्हती.

मी म्हटलं खोक.

ती खोकली. मले दिसलं तिनं तोंड उघडलं, छाती हलली. आवाज नाही.

दूध परत घालून पाहिलं. तिचा हात, त्यावर माझा हात. तिचा हात हाताले लागला नाही. दूध आलं. माझंच आलं.

मी म्हटलं घराले, मोठ्यानं, दारात उभं राहून, की हे माझं नाही. मी कोणी नाही इथं. नोकर आहे. हे हिचं आहे. शेजारचे लोक कुंपणावरून पाहत होते.

घर ऐकत नाही. माझं ऐकत नाही. मग कोणाचं ऐकंन? ज्यानं बांधलं त्याचं.

११ डिसेंबर, गुरुवार

अरुणकुमार साहेब, हे तुमच्यासाठी. खाली पाहून लिहावं लागते, म्हणून थोडं थोडं लिहून राहिली. एक ओळ लिहिते, वर पाहते. आहे अजून. खाटेवर बसली आहे. पलीकडची भिंत दिसते तिच्यातून, चुन्याचे पोपडे मोजता येतात.

कागद पाठवला नाही कोणाच्या हाती, कोणी येत नाही. डायरी या खोलीच्या उंबऱ्यातच ठेवीन, इथून हात पुरते. शनिवारी तुम्ही वाचता.

एक — पंधरा तारखेले कोणाले आणू नका. त्या नवीन चौघांले आहेत तिथंच राहू द्या. तिथं निदान दिसतात.

दोन — खोल्या तुम्ही बांधल्या. तुम्ही स्वतः या. दुसऱ्याले नका पाठवू. स्वतःच्या हातानं कागदावर लिहा, दुसरी धोंडबाची, चौथी कवडूची, पाचवी सत्यभामाची, तिसरी रमाची. माझं नाव काटा. पहिलीवरूनही काटा. मले काही नको. कुलूपही नको. अन् दारात उभं राहून मोठ्यानं वाचा, की घराले ऐकू जाईन.

वर पाहिलं. आहे. हात दिसत नाही. तोंड दिसते.

ती काही तरी म्हणून राहिली. ओठ हलतात. मावशी म्हणते, ते समजते. पुढचं —

समजत नाही.

साहेब, तुम्ही म्हणाल वेडी झाली. म्हणा. पण येऊन म्हणा. तुम्ही त्या दिवशी धोंडबाच्या पायावरून ओलांडून गेले, पाय उचलला होता तुम्ही. रिकाम्या उंबऱ्यावर इतका उंच पाय कोणी उचलते का? तुम्हाले दिसला होता. थोडा तरी दिसला होता.

वर पाहिलं.

डोळे आहेत. बस डोळे. माझ्याकडेच.

आता लिहिणं बंद करते, तिच्याकडेच पाहून राहते, शनिवारपर्यंत नाही लवणार पापणी. तुम्ही फक्त लिहून द्या. शनिवार तेरा तारीख, दुपारच्या भोंग्याच्या आत. हो का नाही. मले जवाब पाहिजे साहेब, तिसरी खोली कोणाची, रमाची की